नोंद तर केली, पण सोबत काय लिहिलं? नागरिक विज्ञानाच्या मेटाडेटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरिक विज्ञान म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांनी नोंदी करून विज्ञानाला हातभार लावणं. आमच्या ग्रुपवर दर ओहोटीच्या वॉकनंतर, म्हणजे पाणी उतरलं की किनाऱ्यावरचे जीव बघायला जातो त्यानंतर, तेच तेच प्रश्न येतात. कुणी शिवडीला फ्लेमिंगो मोजून आलेलं असतं, कुणी गच्चीवर पाऊस मोजतं, कुणी शाळेच्या मुलांना घेऊन झाडांच्या नोंदी करतं आणि मग शीट भरायची वेळ आली की सगळे अडतात. गेली काही वर्षं ग्रुपची शीट मी सांभाळतेय, त्यामुळे उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. हवं ते उचला, पुढे पाठवा.

मेटाडेटा म्हणजे नक्की काय हो?

नोंदीबद्दलची नोंद. पासबुकात नुसतं ५०० लिहिलंय, जमा की नावे ते नाही, तारीख नाही, कुणी दिले ते नाही, तर त्या ५००चं काय करायचं? "खेकडा दिसला" हे तसलंच ५०० आहे. कधी दिसला, कुठे, कुणी पाहिला, कशावरून ओळखला, किती वेळ शोधत होतात, फोटो कुणाचा, तो वापरायची परवानगी आहे का, हे सगळं सोबत आलं की दहा वर्षांनी कुणी अनोळखी माणूस पण ती नोंद वापरू शकतो.

काटेकोर बोलायचं तर तारीख आणि जागा हा डेटाच झाला, आणि मेटाडेटा म्हणजे अख्ख्या डेटासेटचं वर्णन, कुणी गोळा केला, का, कुठल्या पद्धतीने वगैरे. पण रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला मेटाडेटा म्हणतो, इथेही तसंच म्हटलंय.

फोटो आहे की, अजून काय पाहिजे?

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागा पण असते, हे खरं. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलात की ही आतली माहिती निघून जाते, समोरच्याला नुसतं चित्र मिळतं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी घड्याळ तपासा, बॅटरी काढली-घातली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि मग तुमचे सगळे पक्षी एकाच १ जानेवारीला दिसलेले असतात.

हे स्टँडर्ड स्टँडर्ड म्हणतात ते काय, आणि आपल्याला कुठलं लागतं?

स्टँडर्ड म्हणजे कॉलमला काय नाव द्यायचं आणि त्यात काय लिहायचं यावर सगळ्यांनी ठरवून घेतलेली बोली. आपण "दिनांक" लिहितो, दुसरा "तारीख", तिसरा "विझिट डेट", तिघांच्या शीट एकत्र करायला बसलं की रविवार जातो.

जीवसृष्टीच्या नोंदींसाठी डार्विन कोअर, डोळे झाकून. ते टीडीडब्ल्यूजी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना सांभाळते, २००९ साली ते अधिकृत झालं, आणि जगभरातल्या अब्जावधी नोंदी जिथे एकत्र येतात त्या जीबिफला हीच बोली समजते. याच्या आधीचं डब्लिन कोअर आहे, १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीवरून ते नाव पडलं, आयर्लंडचा काही संबंध नाही. त्यात पंधराच गोष्टी आहेत, शीर्षक, निर्माता, तारीख, भाषा, हक्क अशा, आणि अहवाल, फोटोंचा अल्बम, जुनी वही स्कॅन केलेली असेल तर तेवढ्या पुरतात.

अख्ख्या प्रकल्पाचं वर्णन करायचं असेल, म्हणजे नाव, उद्देश, कधी सुरू झाला, कुठल्या भागात चालतो, कोण चालवतं, सामील कसं व्हायचं, तर त्यासाठी पीपीएसआर कोअर आहे, खास नागरिक विज्ञानासाठीच बनवलेलं. त्याचे तीन थर आहेत, प्रकल्प, डेटासेट आणि प्रत्यक्ष नोंद. छोट्या ग्रुपने निदान पहिला थर तरी भरावा असं माझं मत आहे, एक पान लागतं फक्त, आणि ग्रुप बंद पडला तरी ते पान बोलत राहतं.

आम्ही आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्डवरच टाकतो. मग हे सगळं कशाला?

आयनॅचरलिस्टवर सगळ्या जीवांच्या नोंदी टाकतात, ईबर्डवर पक्ष्यांच्या. तुम्ही निम्मं काम आधीच करताय, आतून त्या अ‍ॅपच तुमची माहिती स्टँडर्डमध्ये बसवतात. आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा, फोटो किंवा आवाज असेल, जीव पाळलेला किंवा लावलेला नसेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं तर नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला चालेल अशी, होते, आणि लायसन्स (दुसऱ्यांनी ती कशी वापरायची याची तुम्ही दिलेली परवानगी) चालण्यासारखं असेल तर जीबिफला जाते. ईबर्डचा डेटा पण तिथे जातो.

पण अ‍ॅप जे विचारत नाही ते तुम्हीच लिहायला हवं. भरती किती होती, किती जण होतात, काल रात्री किनाऱ्यावर तेल आलं होतं का, हे नोट्समध्ये टाका. नोट्स कुणी वाचत नाही असं वाटतं पण वाचतात, मी स्वतः दुसऱ्यांच्या नोट्स शोधत बसते.

तारीख कशी लिहायची? त्यात काय एवढं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून, अमेरिकन सेटिंगच्या लॅपटॉपला ६ मे. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत आपल्याकडे असतात, मग शिवडीचा फ्लेमिंगो ६ मेला दिसला तर नेहमीचीच गोष्ट, ५ जूनला दिसला तर लोक विचारायला येतील की हे थांबले कसे. शीटला दोन्ही सारखंच.

म्हणून आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ, २०२४-०३-१० असं. इथे वाचायला बरं म्हणून मराठी आकडे लिहिलेत, शीटमध्ये इंग्रजी आकडेच टाका, कारण बहुतेक सॉफ्टवेअर देवनागरी आकड्यांना आकडा न समजता अक्षरं समजतं. आणि एक्सेल न विचारता तारखा बदलतं, त्यामुळे तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा.

आता वेळ. हे ओहोटीवाल्यांनी नीट वाचा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, त्यामुळे आपण टॉर्च घेऊन अंधारात उतरतो. समजा १० मार्च २०२४, अमावास्येचा रविवार, पहाटे ५:१० ला तुम्ही समुद्री गोगलगायीचा फोटो काढलात. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे, म्हणजे यूटीसीमध्ये ती वेळ होते ९ मार्च, रात्री ११:४०. अ‍ॅपने किंवा कुणी स्क्रिप्टने यूटीसीमधली नुसती तारीख उचलली की तुमचा रविवारचा वॉक शनिवारी झाला. पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रत्येक नोंदीचं हे होऊ शकतं. आमच्या शीटमध्ये झालं होतं, एकाच वॉकच्या नोंदी दोन तारखांना दिसत होत्या, ग्रुपमधल्या एकाने आपण दोन दिवस कुठे गेलो होतो म्हणून विचारलं तेव्हा सापडलं, नाहीतर कळलंच नसतं. उपाय सोपा, वेळेच्या शेवटी +०५:३० लिहायचं, म्हणजे शंकाच राहत नाही.

जागा "कार्टर रोड" लिहिली तर चालेल ना?

चालेल, पण तेवढ्याने भागणार नाही.

आमच्या पहिल्या वर्षीच्या शीटमध्ये एक कॉलम होता "पॉइंट", आणि त्यात १, २, ३, ४ असे आकडे. पॉइंट १ आणि २ आम्हाला आठवतात. ४ फोटोंवरून शोधून काढला, मागे एक पाण्याचा पाइप दिसतो तो. पॉइंट ३ कुठे ते कुणालाच माहीत नाही. ज्या मुलीने ते पॉइंट ठरवले होते ती लग्नानंतर परदेशी गेली, तिला विचारलं, तिला पण आठवेना, खडकाची उंच जागा होती एवढंच म्हणाली. पॉइंट ३च्या जवळजवळ दोनशे ओळी आहेत, नीट मोजलेल्या, फोटोसकट. आज त्या "वांद्रे, किनारा" एवढ्याच पातळीवर वापरता येतात. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण ती माणसं पहाटे उठून गेली होती.

तर लिहायचं काय? अक्षांश आणि रेखांश दशांशात, ज्याला डार्विन कोअरमध्ये डेसिमल लॅटिट्यूड आणि डेसिमल लाँगिट्यूड म्हणतात. मुंबई म्हणजे साधारण १९.०७ उत्तर, ७२.८७ पूर्व. उलटे टाकलेत तर तुमचा कावळा ७२.८७ उत्तरेला जातो, नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्याही वरती, थेट समुद्रात. रिकाम्या जागी शून्य-शून्य भरलंत तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पोचतो, जगभरातल्या चुकलेल्या नोंदी तिथे साठलेल्या असतात.

दशांशानंतर किती आकडे? एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, त्यामुळे दोन आकडे लिहिलेत तर किलोमीटरभराचा अंदाज, चार लिहिलेत तर अकरा मीटर. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर असतो, गिरगावच्या चाळींमध्ये किंवा उंच टॉवरच्या खाली कितीतरी जास्त चुकतो. ती चूक लिहायला वेगळा कॉलम आहे, कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स. माझ्या मते अख्ख्या स्टँडर्डमधला हा सगळ्यात प्रामाणिक कॉलम आहे. ३० मीटर वाटतं तर ३० लिहा, ५०० वाटतं तर ५०० लिहा, लाजायचं काही नाही. शून्य मात्र लिहायचं नाही, नियमातच बसत नाही, माहीत नसेल तर रिकामं सोडा. आणि डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या मोजणीच्या चौकटीत आहेत ते, डब्ल्यूजीएस ८४ असं एकदा लिहून टाका, फोन तेच वापरतो.

"कार्टर रोड, पाइपाजवळचा खडक" हे शब्द पण ठेवा, व्हर्बेटिम लोकॅलिटी नावाचा कॉलम त्यासाठीच आहे. आकडे चुकले तर शब्दांवरून दुरुस्त करता येतात.

भरती-ओहोटी कुठे लिहायची? डार्विन कोअरमध्ये तर कॉलमच दिसत नाही.

थेट कॉलम नाही. मेजरमेंट ऑर फॅक्ट म्हणून एक जोडतक्ता आहे, त्यात काय मोजलं, किती, कुठल्या एककात, असं तीन ठिकाणी भरायचं. ओहोटीची उंची, ०.३, मीटर. एवढंच. ०.३ मीटरच्या ओहोटीला जेवढा खडक उघडा पडतो तेवढा १.२ला पडत नाही, त्यामुळे "या वर्षी झोआंथिड (खडकाला चिकटून राहणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) कमी झाले" असं म्हणायच्या आधी पाणी किती उतरलं होतं ते बघावंच लागतं. आकडा भरतीच्या तक्त्यातला असेल तर "अंदाजित" असं पण लिहा, तक्त्यात वारा आणि लाटा धरलेल्या नसतात.

मराठी नावं लिहिली तर चालतील?

लिहाच. व्हर्नाक्युलर नेम असा कॉलम आहे, भाषेचा कोड एमआर टाकायचा. पण शेजारी शास्त्रीय नाव हवं. आपण बगळा म्हणतो त्यात छोटा बगळा, मोठा बगळा, गायबगळा सगळे आले, काही जण वंचकालाही बगळाच म्हणतात. कावळा म्हटलं तर गावकावळा की डोमकावळा? रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, म्हटलं तर मोठा की छोटा, ठाण्याच्या खाडीत दोन्ही असतात.

शास्त्रीय नावं पण बदलतात हां. मोठ्या रोहिताला पूर्वी फिनिकॉप्टेरस रुबर या प्रजातीत धरायचे, आता फिनिकॉप्टेरस रोझियस ही वेगळी प्रजाती मानतात. जुन्या कागदावर रुबर असेल तर खोडू नका, मूळ नाव मूळ कॉलममध्ये राहू द्या, नवीन शेजारी लिहा, आणि कुणी ओळखलं आणि कधी ओळखलं ते पण. ओळख पटत नसेल तर वरच्या पातळीवर थांबा. "खेकडा, प्रजाती माहीत नाही" ही चांगली नोंद आहे, अंदाजाने ठोकलेलं नाव वाईट.

काहीच दिसलं नाही तर काय लिहायचं?

तेच लिहायचं, की दिसलं नाही. हे लोकांना पटत नाही, हात हलवत परत आल्यावर कोण शीट भरणार. पण तुम्ही तासभर शोधलंत आणि सापडलं नाही, ही खूप मोलाची माहिती आहे. ऑकरन्स स्टेटसमध्ये अ‍ॅबसेंट लिहायचं आणि सोबत किती वेळ, किती अंतर, किती माणसं. ईबर्ड म्हणूनच शेवटी विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का. त्याला हो म्हणालात तर न लिहिलेल्या पक्ष्याला अर्थ येतो. फक्त आवडते पक्षी लिहून हो म्हणू नका, चिमण्या-कबुतरं सकट सगळं लिहा.

बिबट्या, घुबडाचं घरटं असल्या गोष्टींची जागा टाकायची का?

उघड टाकू नका. आरेत किंवा नॅशनल पार्कच्या कडेला बिबट्याची अचूक जागा टाकलीत की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहतात, त्रास जनावरालाही आणि पाड्यातल्या लोकांनाही. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं, ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे बाजू साधारण वीस-बावीस किलोमीटर, अख्खं पार्क मावेल एवढा. स्वतःच्या शीटमध्ये खरी जागा कुलूपबंद ठेवा, बाहेर द्यायच्या प्रतीत धूसर करा आणि धूसर केलंय हे लिहा. त्यासाठी डेटा जनरलायझेशन्स असा कॉलम आहे. न सांगता आकडे बदलले तर पुढचा माणूस त्या खोट्या ठिकाणाला खरं धरून नकाशा काढेल.

लोकांची नावं, मुलांची नावं?

मोठ्या माणसांना विचारा, नाव हवं की टोपणनाव, बऱ्याच जणांना श्रेय हवं असतं आणि ते मिळालंच पाहिजे, रेकॉर्डेड बाय हा कॉलम त्याचसाठी. शाळेच्या मुलांची नावं सार्वजनिक शीटमध्ये टाकायची नाहीत, २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीये. "इयत्ता सातवी, गट २" पुरतं. घराच्या गॅलरीतून केलेल्या नोंदीत घराची अचूक जागा पण नको.

लायसन्स कुठलं?

जीबिफ तीनच घेतं, सीसी झिरो (कुणीही कसंही वापरा), सीसी बाय (श्रेय देऊन वापरा) आणि सीसी बाय-एनसी (श्रेय देऊन वापरा, पण धंद्यासाठी नाही). आयनॅचरलिस्टवर नव्या माणसाला आपोआप बाय-एनसी मिळतं. आम्ही नोंदींना सीसी बाय ठेवलंय, फोटो ज्याचा तो ठरवतो. काहीच न लिहिणं सगळ्यात वाईट, मग कुणी वापरायला धजत नाही.

आम्ही पाऊस आणि हवा मोजतो, प्राणी-पक्षी नाही. आमचं काय?

तुमच्यासाठी ओजीसी या नकाशे आणि जागांच्या डेटाची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं सेन्सरथिंग्ज आहे, त्यात यंत्र, जागा, काय मोजतोय आणि प्रत्येक वाचन हे वेगवेगळं ठेवतात. कारण सांगते. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस सगळ्यांना पाठ आहे. त्याच वेळी कुलाब्याला शंभर मिलिमीटर पण नव्हता. "मुंबईत किती पाऊस पडला" याला जागेशिवाय उत्तरच नाही. शिवाय हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तो ९४४चा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. तुम्ही गच्चीवरचा पाऊस रात्री बाराला मोजून त्याच्या शेजारी ठेवलात तर दोन वेगळे दिवस शेजारी ठेवताय. मोजायची वेळ लिहा, पर्जन्यमापकाचं तोंड किती व्यासाचं ते लिहा, शेजारी पाण्याची टाकी किंवा भिंत आहे का ते लिहा.

हवेच्या स्वस्त सेन्सरबद्दल एकच, आर्द्रता वाढली की ते धूळ जास्त दाखवतात, आणि आपल्याकडे आर्द्रता केव्हा नसते. म्हणून आर्द्रतेचा आकडा, सेन्सरचं मॉडेल, कितव्या मजल्यावर आणि रस्त्यापासून किती लांब, हे नसेल तर तुलना करू नका.

प्रत्येक नोंदीला नंबर द्यायचा का?

द्यायचा, आणि एकदा दिला की बदलायचा नाही. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्ष्यांच्या पायात जी कडी घालते त्यावर एक नंबर असतो आणि कळवा म्हणून सोसायटीचं नाव असतं, पक्षी हजारो किलोमीटर लांब सापडला तरी कुणाला विचारायचं ते कळतं. ऑकरन्स आयडी म्हणजे तुमच्या नोंदीच्या पायातली कडी. १, २, ३ देऊ नका, दुसऱ्या शीटमध्ये पण तेच असतात. ग्रुपचं छोटं नाव, तारीख आणि आकडा असं जोडून करा.

मराठीत टाइप केलेलं उघडताना चौकोन आणि कचरा दिसतो.

शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, त्यात मराठी अक्षरं नीट राहतात. एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करून उघडू नका, डेटा इंपोर्टमधून उघडा. जुन्या फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा, रफार आणि र्‍य हमखास बिघडतात.

आमचा डेटा जीबिफला थेट पाठवता येईल?

एकट्या माणसाला नाही, नोंदणी केलेल्या संस्थेमार्फत जातो. एखादं कॉलेज किंवा संस्था सोबत घ्या. पॅकेज म्हणजे एक झिप फाइल, त्यात नोंदींचा तक्ता, कॉलमचा अर्थ सांगणारी फाइल आणि डेटासेटचं वर्णन. कॉलमची नावं सुरुवातीपासून बरोबर ठेवलीत तर हे एका दुपारचं काम आहे.

घरात जुन्या वह्या आहेत, पक्ष्यांच्या नोंदींच्या. त्यांचं काय करू?

आधी प्रत्येक पान स्कॅन करा किंवा नीट उजेडात फोटो काढा. मग ज्यांची वही आहे ते हयात असतील तर शीट उघडायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. मुलुंडच्या एका काकांच्या वह्या आमच्याकडे आल्या, सुंदर अक्षर, तारीख-वार सगळं, पण जागा म्हणून प्रत्येक पानावर "नेहमीची जागा". दोन रविवार त्यांच्याकडे गेलो, काकूंनी पोहे केले, मोबाइलवर नकाशा मोठा करून दाखवला तेव्हा काकांनी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका मोरीवर बोट ठेवलं, आणि म्हणाले की पावसाळ्यात मात्र अलीकडे थांबायचो, पुढे चिखल असायचा. शीटमध्ये व्हर्बेटिम लोकॅलिटीत "नेहमीची जागा" तसंच ठेवलंय. अक्षांश-रेखांश त्या मोरीचे, अनसर्टन्टी १५० मीटर, जून ते सप्टेंबरच्या ओळींना ४००. आणि जिओरेफरन्स रिमार्क्समध्ये लिहिलंय की जागा स्वतः निरीक्षकाने नकाशावर दाखवली, सोबत त्या रविवारची तारीख.